खालच्या चाकाची झडती

तो प्रकार आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, पण हा तपास केला तो निवृत्तीनंतर, सिंगापुरात, अंगावर वर्दी नसताना. नावं नेहमीप्रमाणे कुणाचीच घेत नाही.

मुलगी-जावई चोआ चू कांगला राहतात. फ्लॅटमध्ये बसून मी कंटाळतो म्हणून जावयाने मला जवळच्या सुतारकामाच्या वर्कशॉपचा सभासद केलं. तिथे दोस्ती जमली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हौगांगला राहणाऱ्या एका चिनी अंकलशी. पंचाहत्तरी ओलांडलेले, जन्मभर सुतारकाम केलेलं. एवढं अंतर बस आणि एमआरटीने तोडून यायचे, ते केवळ तिथल्या बँडसॉसाठी. दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरतं, ती करवत. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे भांडण कधी झालंच नाही. मी एकदा हातवारे करून पाट म्हणजे काय ते सांगितलं, तर गृहस्थाने माझ्या मुलीसाठी पाट करायलाच घेतला. दसऱ्याला मी बँडसॉची पूजा केली, तेव्हा शेजारी उभं राहून त्यांनीही हात जोडले होते.

खबर जावयाने आणली, जेवताना.

"बाबा, तुमच्या अंकलना बँडसॉ बंद करतायत. पाच आठवड्यांत चार पाती तुटली, चारही त्यांच्या हातात. वर्कशॉपच्या मालकीणबाई म्हणतात हात थरथरतात, एखाद दिवशी बोट जाईल. शनिवारी सांगणार आहेत."

त्यांना त्या यंत्रावरून उठवणं म्हणजे घरी बसवणं, हे मला कळत होतं.

शनिवारी सकाळी बाईंकडे थोडी मुदत मागितली. "ओके लाह अंकल, टू अवर्स," त्या इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या.

आधी अंकलची जबानी घेतली. खरं सांगायचं तर मनातून मलाही त्यांचाच संशय होता. ज्याच्या हातात मोडलं तो पहिला संशयित, ही खात्याची जुनी खोड.

"ब्लेड का तुटतं?" मी विचारलं.

"टू टाइट, ब्रेक. पुश हार्ड, ब्रेक. ब्लंट, ऑल्सो ब्रेक."

मग एकेक करून दाखवलं. ताण खुणेपर्यंतच द्यायचा, काम संपलं की सैल करायचा. अरुंद वळणावर पातं पिळायचं नाही, आधी बाजूने छेद देऊन लाकूड मोकळं करायचं. धार गेली की जोर लावत बसायचं नाही, पातं बदलायचं. हे सांगताना चहाचा कप त्यांच्या हातात हिंदकळत होता. पण फळी हातात धरली आणि थरथर थांबली. इतक्या वर्षांत खोटं बोलणारे हात पुष्कळ पाहिले. हे त्यांतले नव्हते.

"चाकं कोण पुसतं?"

"अप, माय जॉब. डाउन, युअर जॉब."

खरंच होतं. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून खालचं चाक मीच मागून घेतलं होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी पातं तुटल्याच्या दिवशी फुली मारली होती. पहिली फुली दसऱ्यानंतरच्या शनिवारी. त्याआधी कित्येक महिने एकही नाही. मी यंत्राकडे वळलो.

भुसा ओढणारा पंखा बंद करायला लावला आणि बँडसॉ रिकामाच चालवला. टक्, टक्, टक्. दर फेऱ्याला एक ठोका. एरवी पंख्याच्या आवाजात तो बुडून जायचा, आणि अंकलचे कान तर यंत्रांनी कधीच खाल्ले होते. प्लग काढला, खालच्या चाकावरचं दार उघडलं आणि चाक हाताने फिरवलं. पातं जिच्यावरून फिरतं त्या रबरी धावेवर तांबूस, दगडासारखा एक उंचवटा होता. नखाने खरवडला, तर आत तांदळाचा दाणा.

ठाण्यात दर दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची. इथे रायफल कुठली? म्हणून बँडसॉ. अक्षता चाकावर टिकेनात, तेव्हा मी बोटभर गूळ लावून त्या चिकटवल्या होत्या. त्यावर भुसा बसून सगळं घट्ट झालं होतं. दर फेऱ्याला पातं त्यावरून वाकत होतं आणि शेवटी तुटत होतं. दर आठवड्याला मी ते चाक पुसत होतो, फक्त पूजेची जागा सोडून. देवाच्या जागेवर फडकं कसं मारायचं?

झडती सगळ्यांची घेतली, माझी सोडून.

बाईंपुढे कबुलीजबाब दिला. त्या काही बोलायच्या आत अंकल पुढे झाले. "ही प्रे फॉर मशीन. गुड हार्ट, लाह." बाईंना हसू आवरेना. बँडसॉ अंकलकडेच राहिला. मला फार लाज वाटली आणि त्या म्हाताऱ्याबद्दल माया दाटून आली.

फळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसलो आणि माझा एक हवालदार आठवला. वायरलेस सेट त्याच्या हातात बंद पडला म्हणून चार लोकांत त्याला झापलं होतं. सेट आधी कुणी हाताळला, ते विचारलंसुद्धा नव्हतं. तिथूनच फोन लावला आणि माफी मागितली.

"साहेब, मी तर विसरूनही गेलो होतो," तो म्हणाला. मग स्वतःहून त्या सेटचा नंबर सांगितला, एकही आकडा न चुकता.

यंदाच्या दसऱ्याला मी गूळ घरीच ठेवला. तरी अंकलनी खालचं दार उघडू दिलं नाही. बाहेरच्या पत्र्यावर पेन्सिलने रुपयाएवढा गोल काढला, "प्रे हिअर," म्हणाले, आणि हात जोडून माझ्या शेजारी उभे राहिले.