पुरे म्हणेपर्यंत

आता तुम्हालाही सांगून टाकते. नाहीतरी आमच्या गावात हे ऐकायचं कुणी राहिलेलं नाही.

मी भोकरदनच्या पुढं एका झेडपी शाळेत शिकवते. वाचनात मागं पडलेल्या पोरांचा जादा तास घ्यायचा, पोरं सुधारली की शिक्षकाला प्रोत्साहन भत्ता, असं पेपरात वाचलं आणि त्याच दिवशी तास सुरू केला. भत्त्याचं काय करायचं तेही ठरलं. पितळी कड्यांचा झोपाळा. लग्नाआधीपासूनची हौस माझी.

पद्धत साधी. मी वाक्य म्हणायचं, पोरांनी मागून म्हणायचं. मी 'पुरे' म्हणेपर्यंत थांबायचं नाही, हा नियमही माझाच.

त्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येणार होते. ऊन कललेलं, खिडकीबाहेर कापूस पांढराफेक फुललेला, वारं अंगावरून हात फिरवल्यासारखं. "ससा पळतो," मी म्हणायची. "ससा पळतो," पोरं म्हणायची. त्या सुरानं माझेच डोळे जड झाले. ससा गेला कापसात आणि मी बसले झोपाळ्यावर. आभाळ खाली येतंय, वर जातंय. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू.

"जरा जोरात झोका द्या की," कुणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता.

"जरा जोरात झोका द्या की," पोरं म्हणाली.

"सासूबाईंना बसू द्यायचं न्हाई."

"सासूबाईंना बसू द्यायचं न्हाई."

डोळे उघडले तर दारात साहेब, आणि शेजारी हेडसर. हेडसर म्हणजे सासूबाईंचे सख्खे भाचे.

"गप्प बसा," मी पोरांवर ओरडले.

"गप्प बसा," पोरं साहेबांकडं बघून म्हणाली.

"साहेब, यांना काही समजत न्हाई हो."

"साहेब, यांना काही समजत न्हाई हो."

साहेब मात्र खूश. "मॅडम, लेकरं पूर्ण वाक्य बोलून राह्यले की. उच्चार बी बराबर." पोरांनी तेही म्हटलं.

माझ्या जिवात जीव आला. अब्रू गेली ती गेली, झोपाळा तरी येतोय. हळूच विचारलं, "मंग भत्ता, साहेब?"

"मंग भत्ता, साहेब?" अख्खा वर्ग.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "ते दुसऱ्या राज्याचं आल्तं पेपरात. आपल्याकडं न्हाई. बातमी खालपर्यंत वाचत जा, मॅडम."

"बातमी खालपर्यंत वाचत जा, मॅडम," वाचनात मागं पडलेली माझी पोरं एका सुरात म्हणाली.

तेव्हा कुठं मला 'पुरे' म्हणायचं आठवलं.