डोंगरावरचा फुकट कॅम्प

माझे साडू पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागले आणि त्यांना निसर्ग आवडू लागला. त्याआधी त्यांचं आणि निसर्गाचं फारसं पटत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या गावी आले होते, तेव्हा परसाकडं जावं लागतं म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांना ऑफिसचं अर्जंट काम आठवलं होतं. पण हिंगोली जिल्हा होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, त्या दिवाळीत ते वसमतला आमच्याकडे आले ते गाडीच्या डिकीत तंबू घालूनच.

"औंढ्याच्या बाजूला डोंगर आहे, जंगल आहे," ते म्हणाले. "तिथं राहायचं. फुकट. लाइट नाही, नळ नाही, संडास नाही. एकदम बेसिक!"

मी शाळामास्तर. माझं अख्खं बालपण अशाच एकदम बेसिक घरात गेलं, आणि त्यातून बाहेर पडायला मला डी.एड. करावं लागलं. पण साडूचा मान मोठा. बायकोनं डोळे वटारले आणि मी गाडीत बसलो.

वाटेत वनरक्षक भेटला. साडूंनी त्याला रीतसर परवानगी मागितली. "झोपायची परवानगी?" तो गोंधळला. "झोपा की. जाळ तेवढा नीट विझवा." मग मला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "सर, घरी काही झालं का?"

डोंगराच्या पायथ्याला एक तांडा आहे. तिथं पाण्यासाठी थांबलो. पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी सुपात तूरडाळ निवडत बसली होती. नजर आभाळाकडे आणि बोटं डाळीत. खडा बोटाला लागला की उचलून बाजूला टाकायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा झाला होता. तिच्या सुनेनं आमची कळशी भरून दिली.

"कोण हाय?" म्हातारीनं विचारलं. "काहून आले?"

"आजी, वर आमचा कॅम्प आहे," साडू म्हणाले. "दोन दिवस. फ्री!"

म्हातारीची बोटं थांबली. "फुकट?"

"एकदम फुकट!"

आता हे पुण्याच्या माणसाला कळायचं नाही, पण आमच्याकडे तेव्हा कॅम्प दोनच असत. एक नसबंदीचा, दुसरा डोळ्यांचा. म्हातारीचं वय पाहता पहिल्याचा प्रश्न नव्हता. मला ते तिथल्या तिथं कळलं. एक वाक्य बोललो असतो तर काम भागलं असतं. पण साडूंची फजिती होणार आणि ती आपल्याला जवळून बघायला मिळणार, या कल्पनेनं मला इतक्या गुदगुल्या झाल्या, की मी मुकाट्यानं कळशी उचलली. मागून म्हातारी सांगत होती, "सून आणून दोन वर्सं झाले बाप्पा, तोंड न्हाई पाह्यलं म्या तिचं. आवाजावरून वळखते."

"हो का? छान, छान," साडू म्हणाले आणि गाडीत बसले.

तंबू दहा मिनिटांत उभा राहतो असं त्याच्या पिशवीवर छापलं होतं. तो राहिला दीड तासात, तोही दार वाऱ्याकडे करून. दोन मिनिटांच्या नूडल्सना पाऊण तास लागला, कारण ओली लाकडं इंग्रजी समजत नव्हती. साडू मात्र सागाच्या पानांकडे बघत पुनःपुन्हा म्हणत होते, "हे खरं जगणं!" आणि डास मारत होते.

सकाळी मी चूल फुंकत होतो, तर खालून माणसं येताना दिसली. पुढे सून, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी, आणि मागे तांड्यातले तीन-चार म्हातारे. म्हातारी धुतलेलं लुगडं नेसली होती. काखेत गाठोडं होतं, त्यात टॉवेल आणि नेसूचं एक जास्तीचं. दवाखान्यात राहायच्या तयारीनं आली होती ती. तेवढ्यात साडू रांगत तंबूतून बाहेर आले. कपाळावर पट्ट्यानं बांधलेली बॅटरी तशीच होती.

"याडी, हे डागदर," सून सासूला म्हणाली.

म्हातारी त्यांच्यासमोर खाली बसली. तोंड वर केलं आणि बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढून धरली. "पाहा बाप्पा. उपाशीपोटी आले म्या. पाणी बी न्हाई पिले."

ज्या मजेची मी काल दुपारपासून वाट बघत होतो, ती हीच. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली, आणि इतकी वाटली की मी पुन्हा चूल फुंकू लागलो. ती केव्हाच पेटलेली होती.

साडूंना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी बॅटरी काढली आणि म्हातारीचा पापणीवरचा हात हातात घेतला. "आजी, मी डॉक्टर नाही हो. आम्ही नुसते राहायला आलोय."

"मंग हितं काहून राहून राहिले?" तिनं विचारलं. "घर न्हाई का तुमाला?"

मागचा एक म्हातारा खो खो हसला. "घ्या! पाह्यलं का सुनंचं तोंड?" म्हातारीनं गाठोडं पुन्हा काखेत मारलं आणि सुनेचा खांदा चाचपला. मी तिच्यासोबत उतारापर्यंत गेलो. म्हणालो, "माय, खरा कॅम्प लागला की मी स्वतः न्यायला येतो."

"व्हय," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी वसमतला खरा कॅम्प लागला. मी आदल्या दिवशी निरोप धाडला आणि सकाळी जीप घेऊन तांड्यावर गेलो. म्हातारी त्याच दारात बसली होती. सुनेनं मला दाराच्या अलीकडेच गाठलं. तांड्यात सासूला आता सगळे 'कॅम्पवाली' म्हणतात, शेंबडी पोरंसुद्धा "कॅम्पवाले, दिसलं का?" विचारून पळतात, असं तिनं सांगितलं. सांगताना तिनं डोईवरचा पदर मागे सारला. गोल, सावळं तोंड, हनुवटीवर गोंदण. मी ते अगदी नीट पाहिलं.

"माय, हा खरा आहे. चल," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी चेष्टा न करता बोलत होतो.

"उपाशीपोटीच लागतं न्हवं तिथं?"

"हो, म्हणून तर लवकर आलो."

तिनं शेजारची जर्मनची ताटली चाचपून माझ्याकडे सरकवली. ताटलीत भाकरीचा चुरा होता.

"तुमचा निरोप आला व्हता," म्हातारी म्हणाली. "म्हणून सकाळीच जेवून घेतलं म्या. पोटभर."