आधी काकूंना

"बिनधास्त घ्या भाऊ, आधी घरी देऊन पाहिलं," असं म्हणत आमचे शेजारी कुंपणावरून हिरव्या पाण्याचा पेला पुढे करायचे. घरी म्हणजे काकूंना. स्वतः त्यांनी कधी थेंबही घेतला नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा धन्वंतरी असेलच. आमचा इथल्याच, हिंदी मुलखातल्या रांझीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. अडुळसा, गुळवेल, पानफुटी, सगळं अंगणात, ज्ञान मात्र मोबाइलवरचं. झाडांना पाणी घालायच्या काकू, पानं वाटायच्या काकू, काढा उकळून गाळायच्याही काकूच. हे पेला धरून मिरवायचे. कुणी नुसतं शिंकलं तरी त्याची सुटका नव्हती. माझी बायको त्यांचे काढे गुपचूप मोगऱ्याला घालायची. मोगरा वाळला.

एकदा कुणीतरी दिलेली एक वेल त्यांनी लावली. रक्त शुद्ध होतं म्हणे. वेल भिंतभर पसरली आणि एका सकाळी तिचा काढा झाला. दुपारी काकूंच्या ओकण्याचा आवाज ऐकून मी धावलो. त्या मोरीपाशी आडव्या पडल्या होत्या आणि हे महाशय दुसरा पेला घेऊन उभे.

"घाबरू नका भाऊ. अंग साफ होऊन राहिलं तिचं."

असा संताप आला! पेला हिसकावून ओतला आणि दोघांना ऑटोत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कौन-सा पौधा था?" यांना नाव ठाऊक नव्हतं.

"आपने भी पिया?"

"नहीं साहब, पहले इनको देते हैं."

चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नाही. त्या दिवशी तो माणूस माझ्या मनातून साफ उतरला.

काकू वाचल्या, पण मूत्रपिंडं कायमची अधू झाली. नागपूरहून मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना हे ऑटोपाशी येऊन म्हणाले, "परत कधी येशील?"

"मी काहून येऊ?" काकूंनी शांतपणे विचारलं. ऑटो निघाली.

गेल्या हिवाळ्यात ते खोकत खोकत कुंपणापाशी आले. बरेच वाळले होते. "भाऊ, मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणून देता का?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. "औषध काहून? दारात एवढा अडुळसा माजला आहे. घ्या की उकळून."

त्यांनी अडुळशाकडे पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले, "लय कडू लागते तो. ती सांगत होती."