बारा ओळींचे गुजराती

बडोद्याच्या ग्रंथालय कचेरीत मराठी वाचणारा मी एकटाच उरलो होतो. म्हणून ती तक्रार माझ्याकडे आली: एका निवृत्त शिक्षिकेचे मराठी आत्मकथन अश्लील आहे, ते सरकारी ग्रंथालयांतून काढावे. साहेबांना मराठी येत नव्हते. "आखी चोपडी नथी जोइती, भाऊ," ते म्हणाले. पूर्ण पुस्तक त्यांना नको होते; तक्रारदाराने खुणा केलेल्या बारा ओळींचे गुजराती पुरेसे होते.

जेवणाच्या सुट्टीआधी मी ते करून दिले. आमच्या घरी मराठी. गुजराती मी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, मैदानावर शिकलो. बाजाराचे, कचेरीचे गुजराती मला उत्तम येते. नवराबायकोच्या जवळिकीसाठी मात्र माझ्यापाशी मैदानावरचेच शब्द होते, शिव्यांतून उचललेले. लिहिताना ते मला खटकले होते, हे कबूल केले पाहिजे. तरी लिहिले. पंधरवड्यात पुस्तक ग्रंथालयांतून काढले गेले.

अपिलासाठी बाईंनी कागदांच्या नकला मागवल्या, आणि माझे भाषांतर त्यांच्या हाती पडले. त्यांनी मला सुभानपुऱ्यातल्या घरी बोलावले.

"बसा. चहात साखरच घातली आहे, विष नाही. पुस्तक पूर्ण वाचलंत?"

"नाही, बाई."

"ह्यांना अर्धांग झालं. वर्षभराने एका दुपारी ह्यांनी आपणहून हात पुढे केला. त्या दुपारच्या ओळी आहेत त्या. तुमच्या गुजरातीत माझा नवरा स्टेशनबाहेरचा मवाली झालाय."

मी मूळ ओळी तेथेच, प्रथमच सावकाश वाचल्या. त्या उघड होत्या, धीट होत्या, आणि त्यांत लाजण्यासारखे काही नव्हते.

मी क्षमा मागू लागलो. "ती राहू द्या," त्या म्हणाल्या. "अपिलाला नवं भाषांतर जोडायचंय. पहिलं चुकलं, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. नोकरीला धक्का लागेल?"

"लागू शकेल."

"मग घरी विचारून या."

पत्नी एवढेच म्हणाली, "विचारायला कशाला आलात?"

तीन रविवार आम्ही त्या बारा ओळींवर बसलो. दोन शब्द अडले, तेव्हा बाईंनी शेजारच्या गुजराती बहेनना बोलावले. त्या हसल्या, उठून दार लावून आल्या आणि मग त्यांनी ते शब्द सांगितले.

सोमवारी निवेदनात मी आधी लिहिले, 'अनवधानाने चूक झाली.' ते खोडले. 'शब्द अयोग्य आहेत हे मला तेव्हाच जाणवले होते,' असे लिहून खाली सही केली आणि कागद साहेबांपुढे ठेवला.