मिस्त्रीला विचारा

माझा मामा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आला आणि राहायचा चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यावर नातेवाइकांचे इतके विनोद करून झाले होते की आता कुणी हसतही नसे. मामा मात्र जिना चढून वर पोचला की धापा टाकत म्हणायचा, "कंपनीकडे तक्रार केली पाहिजे." बरोबर कुणी नसलं तरी म्हणायचा, हे मला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं. त्यांना ते गमतीचं वाटायचं. मला नाही वाटलं.

त्याचं लग्न जमता जमता राहिलं. का राहिलं, याबद्दल आई तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगते आणि तिन्हींत चूक दुसऱ्या कुणाची तरी असते. मामाला विचारलं तर म्हणायचा, "मी कामावर होतो." त्याचं कामही असं, की दिवसभर माणसांच्या इमारतीत असायचं आणि माणसं दिसायची नाहीत. लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात दोरांवर लोंबकळणाऱ्या पेटीच्या डोक्यावर बसायचं, ग्रीसने हात काळे करायचे आणि पायाखालून जाणाऱ्या लोकांच्या गप्पा अर्ध्या अर्ध्या ऐकायच्या.

बोलणं व्हायचं ते लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी. तो सांगायचा, अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो, मग शिव्या देतो, मग गप्प होतो. तो गप्प झाला की मामा वरून बोलायला लागायचा. घरी कोण कोण असतं, जेवलात का, काळजी करू नका, पेटी खाली पडत नसते. लोक त्या अर्ध्या तासात त्याला नवऱ्याचं, बायकोचं, साहेबाचं, सगळं सांगून मोकळे व्हायचे. आणि दार उघडलं की सुसाट. वर कोण होतं हे बघायला एकही जण थांबायचा नाही. "त्यांना घाई असते गं," मामा म्हणायचा. घाई कसली डोंबलाची.

आता त्या जहाजाचं सांगते. टीव्हीवर पूर्वी एक मालिका लागायची. ताऱ्याताऱ्यांमधून भटकणारं अवाढव्य जहाज, त्यात शेकडो माणसं, लढाया, बंडखोर, दोन सूर्यांचे ग्रह, सगळा थाटमाट. ती मध्येच बंद पडली. जहाज कुठेतरी हरवलेलं आणि कप्तान नुसता काचेतून बाहेर बघतोय, अशा अवस्थेत सोडून दिली. पण वेडे लोक असतात. त्यांनी इंटरनेटवर एक गट केला आणि पुढच्या गोष्टी आपल्या आपण लिहायला घेतल्या. जहाजाला प्रेमाने 'गलबत' म्हणायला लागले. कुणी पायलटची गोष्ट लिहायचं, कुणी डॉक्टरची, कुणी तोफखान्यावरच्या दोन भांडकुदळ भावांची.

मामा तिथे नुसता वाचायला गेला होता. आणि त्याने एकच प्रश्न विचारला: एवढी माणसं झोपतात कुठे? कारण मालिकेत दाखवलं होतं काय, तर कप्तानाची खोली, यंत्रांची एक मोठी खोली आणि एक बोळ. तो एकच बोळ निळा दिवा लावला की वरच्या मजल्यावरचा आणि लाल लावला की खालच्या मजल्यावरचा. मामाचं म्हणणं, बोळातून माणूस जातो तो कुठेतरी जातो ना? त्यावर कुणीतरी वैतागून लिहिलं, मग तुम्हीच सांगा. आणि मामाने सांगितलं.

तेव्हापासून तो तिथे मिस्त्री झाला. गोष्ट लिहायची तर आधी मिस्त्रीला विचारायचं. कपडे वाळत कुठे घालतात? मिस्त्री म्हणाला, इंजिनामागच्या भिंतीवर, तीच एक गरम असते. त्यामुळे खालच्या लोकांच्या कपड्यांना तापलेल्या लोखंडाचा वास येतो. त्या एका वासावर पायलटची गोष्ट लिहिणाऱ्या बाईने अख्खं प्रेमप्रकरण उभं केलं. दारांचं काय? साहेबांची दारं मुकाट लागतात; खालच्यांचं रबर म्हातारं झालेलं असतं, ती लागताना सुस्कारा टाकतात. खालच्या मुलांनी जन्मात खिडकी बघितलेली नसते, तर त्यांना सकाळ कशी कळते? पंख्याचा आवाज बदलतो त्यावरून. रडायचं असेल तर कुठे जायचं? दोन दारांच्या मधली जागा असते, जहाजाबाहेर पडण्याआधी थांबायची, तिथे. आणि तिथून आलेल्याला कुणी काही विचारत नाही, ही जहाजाची रीत.

मिस्त्री सांगेल ते सगळ्यांना लागू. मी चेष्टा करायची. "मामा, वय काय तुझं?"

"जहाजातलं की बाहेरचं?" तो म्हणायचा.

गटाचा एक नियम मात्र पक्का होता: घरचं विचारायचं नाही. कोण साहेब आहे आणि कोण साहेबाची गाडी पुसतो, कोण कुठे राहतो, कुणाचं काय बिनसलंय, यातलं काही नाही. नावसुद्धा नाही. कुणी फार दिवस लिहिलं नाही, तर त्याच्या पात्राची बाहेरच्या चौकीवर बदली झाली असं समजायचं आणि बाकीच्यांनी गोष्टीत अधूनमधून लिहायचं, चौकीवर दिवा दिसतोय. बस्स, एवढाच शोक.

मग मामा जिन्यावरून पडला. दुपारची वेळ, इमारतीत सामसूम. मांडीचं हाड मोडलं, उजवा हात मोडला, फोन पायऱ्यांवरून खाली जाऊन फुटला. काकू बाजारातून परत येईपर्यंत तो तिथेच पडून होता. ओरडलास का नाहीस, असं मी रागाने विचारलं, तर म्हणाला, "ओरडलो की. थोडा वेळ." शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "जहाजात जिने ठेवले नाहीत ते बरं केलं."

आईचे गुडघे धड नाहीत, ती फोनवरूनच ओरडायची. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, सुटले की इस्पितळात जायची. बाकी दिवसभर तो आणि छत. एकदा मी म्हटलं, "तुझ्या त्या जहाजवाल्यांना कळवू का? माझ्या फोनवरून?"

"नको."

"का नको?"

"बघू या, कुणाच्या लक्षात येतं का." आधी हसत म्हणाला. मग हसू आवरून म्हणाला, "त्यांची तिथे माणसं आहेत गं. पायलट आहे, डॉक्टर आहे. लिहिणारा गेला तर माणूस चौकीवर पाठवता येतो. माझं तिथे कुणीच नाही. मी नुसत्या खोल्या सांगितल्या. मी गेलो तर पाठवणार कुणाला?"

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"तर बंद करायचं. आपण लिहिलेलं आपल्याला पुसता येतं तिथे. घरी गेलो की सगळं पुसून टाकतो."

त्याच्याकडे दुसरं होतं काय? निवृत्ती तोंडावर आलेली, बहीण लांब, भाची दिवसातून तासभर. मला धडकीच भरली. त्या दिवसापासून मी घरी जाताना फोनवर तो गट उघडून बघायला लागले. गोष्टी येत होत्या. लोक वा वा करत होते, कप्तानाने दाढी ठेवावी की नाही यावर तावातावाने भांडत होते. मिस्त्री कुठे आहे, असं एकाही दीडशहाण्याने विचारलं नव्हतं. मी रोज त्याचं नाव शोधायची आणि रोज नव्याने चिडायची. एकदा तर मी खोट्या नावाने लिहिलंसुद्धा, 'मिस्त्री दिसत नाहीत हल्ली?' आणि पाठवण्याआधी पुसलं. त्याला ते खरं वाटलं असतं, आणि मला ते आयुष्यभर सांभाळावं लागलं असतं.

तो विचारत नसे. मी आत आले की एकदा माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. एका संध्याकाळी म्हणाला, "नाही ना?"

"मी बघितलंच नाही."

"खोटं बोलायचं तर नीट शीक, शहाणे. तुझ्या आईलाही कधी जमलं नाही."

त्याला घरी आणलं त्या दिवशी काकूंच्या यजमानांनी आणि जावयाने खुर्चीत बसवून चार मजले चढवला. वर पोचल्यावर तो कंपनीबद्दल काही बोलला नाही. टेबलापाशी नेऊन बसव म्हणाला आणि डाव्या हाताने कॉम्प्युटर चालू केला. "पुसण्याआधी एकदा वाचून घेतो," म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात दुधाचं काय झालं होतं ते सांगत नाही. मी भांडी आदळत होते, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. बाहेरून आवाज नाही. मग त्याने हाक मारली, आणि ती हाक ऐकून माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"हे वाच," तो म्हणाला. "शेवट वाच फक्त."

पायलट भांडण करून निघते, जहाजाच्या सातव्या मजल्यावर येते आणि बंद दारापाशी थांबते. संपलं.

"आता ही." डॉक्टर रोग्याचा पत्ता काढत सातव्या मजल्यावर येतो. दारापाशी थांबतो. पुढची गोष्ट तोफखान्यावरच्या भावांची. धाकटा रुसून कुठेतरी लपलाय, थोरला त्याला शोधत येतो, कुठे, तर सातव्या मजल्यावर. दारावर हात ठेवून उभा राहतो. त्याच्या पुढच्या गोष्टीत दाढीवाला कप्तान. मामा एकेक उघडत गेला, मी वाचत गेले. कुणी कशासाठी आलं होतं, कुणी कशासाठी, पण अख्खं जहाज त्या एका दाराबाहेर येऊन उभं होतं.

"सातव्या मजल्यावर आहे काय?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणजे मी अजून सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, मी म्हणालो होतो, उद्या सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी पडलो." त्याने पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "कुणीही आपल्या मनाने उघडलं असतं गं दार. काय अवघड होतं? एकानेही उघडलं नाही."

मी रोज वाचत होते आणि मला दिसलं नव्हतं. मी नाव शोधत बसले होते.

"पण सरळ विचारायला काय झालं होतं मेल्यांना?"

"घरचं विचारायचं नाही," मामा म्हणाला. "नियम आहे."

त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मी कळफलक पुढे ओढला आणि विचारलं, काय लिहू? पुसायचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"लिही. दार ढकला, आतून कडी नाही."

मी लिहिलं आणि पाठवलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग पायलटवाल्या बाईचं उत्तर आलं, एका शब्दाचं: आले. त्याच्या खाली आणखी एक, आलो. आम्ही दोघे भाऊ आलो, धाकट्याला धरून आणलंय. बाजूला व्हा, कप्तान येतायत. आलो. आले. आलोच, थांबा. ज्यांची नावं मी एवढ्या दिवसांत कधी पाहिली नव्हती तेही येत होते. बाहेरच्या चौकीवरून आलो, असंही कुणीतरी लिहिलं.

मामाने मान वळवून आपल्या खोलीकडे बघितलं. एक पलंग, एक टेबल, तो बसला होता ती एक खुर्ची.

"बसवायचं कुठे गं एवढ्यांना?" तो म्हणाला, आणि डाव्या हाताने डोळे झाकून लहान पोरासारखा रडायला लागला.