ॲनॉमली म्हणजे पाणी नव्हे

माझा धाकटा दीर पाणाड्या. तळहातावर नारळ ठेवून तो रानातून चालतो, आणि नारळ उभा राहिला की खाली पाणी. अंथुर्ण्यापासून लोक त्याला गाडी पाठवून नेत. आमच्या कऱ्हाटीच्या घरी मात्र उन्हाळ्यात टँकर.

गेल्या उन्हाळ्यात मला टँकरचा वीट आला. लेकाला म्हटलं, आता यंत्रवाले आण. पैसा एकाच बोअरपुरता होता. ती कोरडी गेली असती, तर मरेपर्यंत मी टँकरच्या मागं घागर घेऊन.

बारामतीहून गाडी आली. दारावर कंपनीच्या नावातला पहिला शब्द होता, 'ॲनॉमली'. मी चौथी शिकलेली. वाचता आलं, कळलं नाही.

"मालकाच्या बायकूचं नाव आसंल," दीर म्हणाला.

"बायकूचं नाव गाडीवर घालणारा बाप्या मला तरी अजून दिसला न्हाय, भावजी."

गाडीतून एक पोरगी उतरली. साहेब तीच. तिनं परड्यात ओळीनं लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या, बुडाशी मिठाचं पाणी ओतलं आणि वायरी जोडून जमिनीत वीज सोडली. ओल्या खडकातून वीज सहज जाते, कोरडा काळा पाषाण तिला अडवतो, आणि किती अडवतो त्याचा आकडा यंत्रावर येतो, असं तिनं सांगितलं.

परड्यातल्या चिंचेपाशी आकडा धाडकन खाली आला. लेकानं लगेच बोअरवाल्याला फोन लावायला घेतला. ही ॲनॉमली, असं पोरगी तिच्या हाताखालच्या माणसाला म्हणालेली त्यानं ऐकलं होतं. त्याला वाटलं, पाण्याचंच इंग्रजी नाव.

"तितं नगं मारू," दीर म्हणाला.

"का, तात्या? यंत्रानं नारळाला हरवलं म्हणून व्हय?"

दीर चिंचेखालची वाळकी पानं वेचायला लागला. हा माणूस उगाच कामाला लागला की मला शंका येते. मी पोरीला विचारलं, "बाई, ह्या तुमच्या गाडीवरच्या नावाचा अर्थ काय गं?"

"आजी, आजूबाजूला सगळीकडे जसा आकडा येतो, त्यापेक्षा एखाद्या जागी वेगळा आला, तर त्या फरकाला ॲनॉमली म्हणतात."

"म्हंजे पाणी न्हवं?"

"पाणी असेल, गाडलेलं लोखंडही असेल. यंत्र फक्त इथं वेगळं काही आहे एवढंच सांगतं. आणि हा आकडा पाण्याच्या मानानं फारच कमी आहे. खाली पाईप वगैरे आहे का?"

"कसला पाईप? मी लहानाचा मोठा हितंच झालो की," लेक म्हणाला.

दीर आभाळाकडं बघत होता. भर उन्हाळ्यातल्या आभाळात बघण्यासारखं काय असतं?

"भावजी, खाली काय हाय?"

"मला काय म्हाईत?"

"मग पहार आणते."

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," तो म्हणाला, आणि सगळं बोलला.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते, तेव्हा ह्यानं आणि माझ्या नवऱ्यानं नारळाच्या भरवशावर तिथं बोअर मारली. कोरडी गेली. पाणाड्याच्याच परड्यात कोरडी बोअर, गावात तोंड कसं दाखवायचं? म्हणून बोअरमध्ये उतरवलेल्या लोखंडी पाईपचं, केसिंगचं, तोंड ठोकून बंद केलं, वर माती ओढली आणि शेजारी चिंच लावली. मी लेकाला घेऊन परत आले, तर नवरा म्हणाला, तुझ्यासाठी लावलीय. मी खुळी, पुढं सगळ्या आळीला कौतुकानं चिंचा वाटल्या. आता मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. सुटला.

पोरीनं खुंट्या उपटल्या आणि गोठ्याच्या पलीकडं, त्या लोखंडापासून लांब, नव्यानं ठोकल्या. तिथंही आकडा खाली आला, पण बेतानं.

"ही ॲनॉमली तरी खरी का?" मी विचारलं.

"वेगळी आहे, आजी. पाणी आहेच असं मी अजूनही म्हणणार नाही."

आमच्या घरात इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी लेकाला म्हटलं, हितंच मार.

निम्मा दिवस नुसता फुफाटा उडाला. मग चिखल आला, मग पाणी. घरापुरतं आणि म्हशींपुरतं. त्यावर ऊस होत नाही म्हणून लेक दोन दिवस तोंड पाडून होता. मी काय उसाला पाणी मागितलं नव्हतं.

जाऊ वेगळी राहते, ती रोज येऊन घागरी भरून नेते. दीर अजून बोअरकडं फिरकत नाही, पण तेच पाणी पितो.