मॅलाकीच्या फावड्याची चूक

पहाटेपासून भुरभुर लागली होती. किलमॉरनमध्ये त्याला कुणी पाऊस म्हणत नाही. मॅलाकी टूहीनं टोपी कानांवर ओढली, फावडं खांद्यावर टाकलं आणि चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेची घंटा व्हायच्या आत कबरस्तानाचं फाटक लोटलं. काम एवढंसंच होतं. गेराटींची म्हातारी शनिवारी गेली, मंगळवारी माती. म्हणजे कबर सोमवारी खणायची. पण सोमवारी जमिनीला पहिला घाव घालायचा नाही. घातला तर त्या घरात वर्षाच्या आत दुसरं मरण. म्हणून रविवारीच गवताचा एक तुकडा कापून पालथा घालायचा. मग सोमवारचं खणणं म्हणजे कालचंच काम पुढं चाललेलं.

कुणाची जागा कुठली, हे कागदावर उरलंच नव्हतं. इंग्रज शिपायांनी फादरांचं घर पेटवलं, त्यात कबरींची वही गेली. दुष्काळात मेलेल्यांच्या कोपऱ्यात तर नुसते धोंडे, नावगाव काही नाही. तेव्हापासून सगळं टूहींच्या डोक्यात. आधी बापाच्या, मग मॅलाकीच्या. गुत्त्यात लोक म्हणत, "मॅलाकीच्या फावड्याला आधी कळतं, आता कुणाचा नंबर ते!" मॅलाकी नाही म्हणत नसे. मान होता त्यात.

त्याच्या डोळ्यांवर पडदा आलाय, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर शेजारगावचा माणूस खणायचं यंत्र घेऊन आला असता आणि मॅलाकी घरी बसला असता. म्हणून तो दगड हातानं चाचपत मोजी. फाटकापासून पाचवा गेराटींचा. त्यानं पाच मोजले, तुकडा कापला, पालथा घातला. मधला एक दगड वादळात पडला होता, तो दुरुस्तीला गवंड्याकडे गेलाय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मिस्सा सुटली. बार्टली कॉनकॅनन दर रविवारसारखा आईबापाच्या कबरीवर प्रार्थना म्हणायला आला आणि आपल्याच दगडापुढचा तो काळा चौकोन बघून थिजला. त्याची बायको डीलिया आठ दिवस गॉलवेच्या इस्पितळात पडून होती.

"मॅलाकी," फावडं पुसत उभ्या असलेल्या मॅलाकीला त्यानं हाक मारली. "ह्ये कुणासाठी रं?"

मॅलाकीनं वाकून दगडावरची अक्षरं बोटानं चाचपली. क, ऑ, न... हा गेराटींचा दगड नव्हता.

"तुझ्या फावड्याला कळलं व्हय? डीलियाचं? सांग की! मला कुणी काय सांगंना झालंय."

गप्प बसलं असतं तरी भागत होतं. फावड्याचं नाव आणखी मोठं झालं असतं. पण बार्टलीचे ओठ थरथरताना मॅलाकीला दिसले नाहीत तरी ऐकू आले.

"फावड्याला कायबी कळत न्हाई, गाढवा. कधीच कळलं न्हाई. मला दिसंना झालंय. दोन वरसं झाली. मी दगुड चाचपून मोजतो, त्यात चुकलो. डीलियाचा ह्यात कायबी संबंध न्हाई."

 बार्टली दगडाला टेकून खाली बसला आणि तोंड भरून शिव्या द्यायला लागला: आंधळा बोकड, थेरडा, देवानं दिलेलं डोकं बटाट्यात घालवलेलं! शिव्या वाढत गेल्या, तसतसा त्याच्या चेहऱ्यावर रंग येत गेला.

"दे त्या म्हातारीला तिची जागा," शेवटी तो म्हणाला. मॅलाकीनं तुकडा होता तसा बसवला आणि बुटानं दाबला. बार्टलीनं त्याचं मनगट धरून अलीकडच्या, फाटकाकडच्या दगडावर नेलं. "ह्यो बघ, गेराटी. मी वाचतो, तू काप."

"गुत्त्यात सांगशील."

"सांगीन. माझ्या तोंडाला कुलूप असतं तर डीलियानं तीस वरसं गावाची बोलणी खाल्ली नसती."

"ठाऊक हाय मला."

मॅलाकीनं फावड्याच्या टोकानं चौकोन आखला, पाय ठेवून जोर दिला, आणि गवताचा तुकडा उचलून पालथा घातला. बार्टली गॉलवेची बस धरायला निघाला. मॅलाकी गुडघ्यांवर बसला आणि गेराटींच्या दगडाभोवतीची खाजरी रोपटी चाचपत, एकेक उपटायला लागला.